टॉवेलच्या नव्या धंद्यासाठी प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी की साधी भागीदारी?

टेरीवाला
नमस्कार मंडळी. मी आणि माझा मावसभाऊ मिळून अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या शेडमध्ये टेरी टॉवेलचे उत्पादन सुरू करत आहोत. दोघांचीही उमेदीची वर्षे दुसऱ्यांच्या कारखान्यात गेली असल्यामुळे मालाची जाण आहे. कागदपत्रांची मात्र नाही. सूत उधारीवर येणार आणि माल हैदराबाद-बंगळुरूच्या हॉटेलांना उधारीवरच जाणार, त्यामुळे एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर राहते घर पणाला लागू नये, एवढी एकच अट माझ्या वडिलांनी घातली आहे. इंटरनेटवरील एका एजन्सीने "फक्त ७,९९९ रुपयांत प्रायव्हेट लिमिटेड, घरबसल्या" असे सांगितले आहे. ओळखीचे एक गृहस्थ एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करा म्हणतात, तर मामांचे म्हणणे असे की सोलापुरात तीन पिढ्या भागीदारीवर जगल्या, तुम्हालाच काय धाड भरली आहे. ज्यांनी स्वतः या वाटेने जाऊन पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

चाटीगल्ली
यंत्रमाग स्वतःच्या पैशांतून घेणार आहात की बँकेच्या कर्जातून? हे कळल्याशिवाय पुढची सगळी चर्चा हवेतली ठरेल.

टेरीवाला
मागांसाठी बँकेचे कर्ज घेणार आहोत. खेळते भांडवल सुरुवातीला घरचेच असेल, शिवाय सुताची उधारी.

नोंदवहीकार
मी व्यवसायाने कंपनी सचिव आहे, म्हणून आधी पाया स्पष्ट करतो.

भारतीय भागीदारी अधिनियम १९३२ चा आहे आणि त्यानुसार पेढीच्या देण्यांसाठी प्रत्येक भागीदार स्वतःच्या सर्व मालमत्तेनिशी जबाबदार असतो. उद्या मावसभावाने तुम्हाला न विचारता पेढीच्या नावावर सुताच्या पन्नास गाठी उधार उचलल्या, तरी त्याची वसुली तुमच्या घरापर्यंत येऊ शकते. कंपनीमध्ये (अधिनियम २०१३ चा) भागधारकाची जबाबदारी त्याने घेतलेल्या समभागांच्या न भरलेल्या रकमेपुरती असते. समभागांचे पूर्ण पैसे भरले असतील तर कंपनीच्या देण्यांसाठी त्याच्याकडून एक रुपयाही मागता येत नाही. एलएलपी २००८ च्या अधिनियमाने आली. तिच्यातही असेच संरक्षण आहे आणि एका भागीदाराच्या चुकीच्या कृत्यासाठी दुसरा भागीदार वैयक्तिकरीत्या जबाबदार ठरत नाही. कोणत्याही रूपात फसवणूक केली तर मात्र हा पडदा उरत नाही.

प्रायव्हेट लिमिटेडसाठी किमान दोन भागधारक आणि दोन संचालक लागतात. ते तुम्ही दोघेच असू शकता. किमान एक लाख भांडवलाची जुनी अट २०१५ मध्येच रद्द झाली आहे. नोंदणी पूर्णपणे ऑनलाइन असून अर्ज 'स्पाइस प्लस' या फॉर्मवर होतो. त्याच्या पहिल्या भागात नाव राखून ठेवता येते, त्यासाठी १,००० रुपये शुल्क आहे, आणि मंजूर झालेले नाव २० दिवस तुमच्यासाठी थांबते. दुसऱ्या भागात प्रत्यक्ष नोंदणी होते आणि पॅन, टॅन (करकपातीसाठी लागणारा क्रमांक), भविष्य निर्वाह निधी, कामगार राज्य विमा, आपल्या राज्यातील व्यवसाय कर आणि बँक खाते ही सगळी कामे त्याच अर्जाबरोबर जातात. अधिकृत भांडवल (कंपनीला जास्तीत जास्त जेवढ्या रकमेचे समभाग काढता येतात ती मर्यादा) १५ लाखांपर्यंत असेल तर केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाचे नोंदणी शुल्क शून्य आहे. मुद्रांक शुल्क, डिजिटल सही आणि व्यावसायिकाची फी एवढाच खर्च राहतो. त्यामुळे ७,९९९ हा आकडा अशक्य नाही, पण ते फक्त बारशाचे बिल आहे हे लक्षात ठेवावे.

सोलापूर जिल्हा पुण्याच्या कंपनी निबंधकांच्या कार्यक्षेत्रात येतो. नोंदणीचे अर्ज मात्र हरियाणातील मानेसर येथील केंद्रीय कार्यालयात तपासले जातात, त्यामुळे पुण्याला खेटे घालण्याची गरज पडत नाही.

गणवेशवाला
नोंदवहीकार यांनी लिहिले ते सगळे बरोबर असले तरी मी विरुद्ध बाजूने लिहितो. गेली अनेक वर्षे मी शालेय गणवेशांचे उत्पादन एकल मालकीत करतो. माल आंध्र, कर्नाटक आणि केरळात जातो, निर्यातीचा परवाना आहे, जीएसटी आहे, उद्यम (लघुउद्योगांची सरकारी) नोंदणी आहे, सरकारी खरेदीच्या पोर्टलवरही मी आहे, आणि यांपैकी एकाही गोष्टीसाठी कंपनीची आवश्यकता भासलेली नाही. लोकांचा असा समज असतो की 'प्रायव्हेट लिमिटेड'ची पाटी लावली म्हणजे मोठी गिऱ्हाइके रांगेत उभी राहतील. गिऱ्हाईक आधी कापड हातात घेऊन पाहते, मग भाव विचारते, आणि पाटीकडे बघायची वेळ आलीच तर ती पैसे थकवल्यानंतर येते.

कंपनीत धंदा शून्य असला तरी लेखापरीक्षण करावेच लागते. पहिल्या वर्षी माग बसवण्यातच सहा महिने जातात, तेव्हा ही फी खिशातून भरायची तयारी ठेवावी. आधी वर्ष-दोन वर्षे साधेपणाने धंदा करा आणि तो चालतो असे दिसले तर मग कंपनी करा.

हिशेबनीस
गणवेशवाला यांच्या मुद्द्याला कराच्या बाजूने पुस्ती जोडतो, कारण हा भाग एजन्सीवाले कधीच सांगत नाहीत.

एकल मालकाचे उत्पन्न त्याचे वैयक्तिक उत्पन्न असते. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. भागीदारी पेढी आणि एलएलपी या दोन्हींवर पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि वर ४ टक्के उपकर आहे. भागीदारांना दिलेले वेतन आणि भांडवलावरचे व्याज ठरावीक मर्यादेत वजा होते, एवढाच दिलासा. कंपनीने सवलती सोडून देणारा पर्याय निवडला तर २२ टक्क्यांचा दर अधिभार आणि उपकर धरून सुमारे २५.१७ टक्के होतो. हा दर कमी दिसतो, पण करानंतर उरलेला नफा लाभांश म्हणून घरी नेला की तुमच्या हातात त्यावर पुन्हा कर लागतो. नफा धंद्यातच ठेवून माग वाढवायचे असतील तर कंपनी परवडते. दर महिन्याला सगळे घरी न्यायचे असेल तर हिशेब उलटा पडतो.

आणखी एक गोष्ट. उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा धरून कर भरण्याची जी सोपी योजना छोट्या धंद्यांसाठी आहे, ती मालकी धंद्याला आणि साध्या भागीदारीला मिळते, एलएलपीला किंवा कंपनीला मिळत नाही.

एलएलपीच्या बाजूने सांगायचे तर तिची उलाढाल ४० लाखांच्या आणि भागीदारांचे योगदान २५ लाखांच्या आत असेल, तर तिच्या अधिनियमाप्रमाणे लेखापरीक्षण सक्तीचे नाही. टॉवेलच्या धंद्यात ४० लाखांची उलाढाल पहिल्या दिवाळीपर्यंत ओलांडली जाते, म्हणून या सवलतीवर फार विसंबू नये.

निवृत्त_शाखाधिकारी
मूळ प्रश्न वडिलांच्या अटीचा आहे आणि त्याचे सरळ उत्तर अजून कोणी दिलेले नाही, म्हणून लिहितो.

मी अनेक वर्षे कर्जविभागात काम केले आहे. तुमची कंपनी नवी असेल, तिच्या नावावर एक टेबलही नसेल, तर बँक यंत्रमागांचे कर्ज देताना दोन्ही संचालकांकडून वैयक्तिक हमीपत्र घेतल्याशिवाय राहत नाही. कर्जाच्या कागदांचा गठ्ठा समोर येतो, शाखेत दुपारची गर्दी असते, कारकून पानांवर पेन्सिलीने फुल्या मारून ठेवतो आणि संचालक न वाचता फुलीवर सही करत जातो. त्या फुल्यांपैकी एक फुली हमीपत्रावर असते. करार अधिनियमानुसार हमीदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, त्यामुळे कर्ज थकले तर बँकेने आधी कंपनीचे माग विकावेत आणि मग तुमच्याकडे यावे, असा आग्रह तुम्हाला धरता येत नाही. २०१९ पासून कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांवर दिवाळखोरी संहितेखालीही कारवाई होऊ शकते आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले आहे.

म्हणजे मर्यादित जबाबदारी ही सुताच्या व्यापाऱ्यापुढे, मालवाहतूकदारापुढे, माल खराब निघाला म्हणून दावा करणाऱ्या हॉटेलपुढे उपयोगी आहे. ज्या बँकेला तुम्ही स्वतः सही करून दिली, तिच्यापुढे ती उरत नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या पतहमी योजनेत तारणाशिवाय कर्ज मिळू शकते, तेव्हा घर तारण न ठेवता त्या योजनेतून प्रकरण करण्याचा आग्रह धरावा. घर तारण नसणे आणि वैयक्तिक हमी नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मिळवणे शक्य आहे. दुसरी नव्या कंपनीला सहसा मिळत नाही.

टेरीवाला
शाखाधिकारी साहेब, मनापासून आभार. मग कंपनी करून घराचे रक्षण होते असे वडिलांना सांगणे म्हणजे अर्धसत्य ठरेल का?

निवृत्त_शाखाधिकारी
अर्धे सत्य हे अर्धे खरे असतेच. सुताची उधारी किती आणि बँकेचे कर्ज किती याची मांडणी करा. उधारी मोठी आणि कर्ज लहान असेल तर ते अर्धे मोलाचे आहे. उलट असेल तर नाही.

पूर्वभाग
सुताच्या व्यापाऱ्यांबद्दल कुणी बोलत नाही म्हणून सांगतो. आमच्याकडे जुना व्यापारी नव्या कंपनीला उधार देताना संचालकाच्या वैयक्तिक खात्याचा पुढील तारखेचा चेक मागतो. तो दिला की शाखाधिकारी साहेबांच्या हमीपत्रासारखीच गत होते. चेक नेहमी कंपनीच्या खात्याचाच द्यावा. तो न वटल्यास धंद्याचा कारभार पाहणाऱ्या संचालकावर फौजदारी खटला होऊ शकतो हे खरे आहे, तरीही स्वतःच्या खात्याचा चेक देण्यापेक्षा ते बरे.

हिशेबनीस
याच मालिकेत जीएसटीही घ्यावा. प्रायव्हेट कंपनीचा थकलेला जीएसटी कंपनीकडून वसूल झाला नाही तर तो संचालकांकडून वसूल करता येतो. आपल्या हातून घोर दुर्लक्ष झाले नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी संचालकावर असते. आयकरातही जवळपास असेच आहे. कामगारांच्या पगारातून कापलेला भविष्य निर्वाह निधी भरला नाही तर प्रकरण फौजदारीपर्यंत जाते. थोडक्यात, सरकारचे पैसे धंद्यात फिरवायचे नाहीत. सोलापुरात ही सवय फार जुनी आहे, पण ती इथे लिहून ठेवलेली बरी.

गड्ड्यावरचापाळणा
माझ्या मते सर्वांत अवघड काम नावाचे आहे. सोलापुरात कोणत्याही धंद्याच्या नावात पहिला शब्द 'सिद्धेश्वर', दुसरा 'टेक्सटाइल' आणि मग 'प्रायव्हेट लिमिटेड' हे ठरलेलेच असते. मानेसरच्या अधिकाऱ्याला एव्हाना आपले ग्रामदैवत पाठ झाले असेल.

नोंदवहीकार
विनोद सोडला तर मुद्दा खरा आहे. आधीच्या कंपनीच्या किंवा एलएलपीच्या नावाशी साम्य असेल, किंवा कुणाच्या नोंदणीकृत व्यापारचिन्हाशी टक्कर होत असेल, तर नाव नाकारले जाते. टॉवेल आणि चादरी व्यापारचिन्हांच्या २४ व्या वर्गात येतात, तयार कपडे २५ व्या वर्गात. अर्जापूर्वी दोन्ही ठिकाणी शोध घ्यावा. शिवाय 'सोलापुरी टेरी टॉवेल' याला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे ते नाव कुणा एकाच्या मालकीचे होऊ शकत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते, आणि हॉटेलांना माल देताना ती निश्चित उपयोगी पडेल.

कंपनीचे नाव मंजूर झाले म्हणजे व्यापारचिन्ह मिळाले, असाही गैरसमज असतो. ती दोन स्वतंत्र कामे आहेत.

जुनागिरणगाव
मर्यादित कंपनी सोलापूरला नवी आहे असा सूर या धाग्यात उमटतो आहे, म्हणून थोडा इतिहास सांगतो. आपण जिला जुनी गिरणी म्हणतो ती सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी एकोणिसाव्या शतकापासूनची लिमिटेड कंपनी होती. १९४९ मध्ये ती बंद पडली, हजारो कामगार घरी बसले आणि १९५० च्या जानेवारीत केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. या कंपनीचे १०० रुपयांचे अग्रहक्काचे भाग होते आणि त्यांपैकी निम्मेच पैसे भागधारकांनी भरलेले होते. सरकारने नेमलेल्या संचालकांनी उरलेले ५० रुपये भरण्याची नोटीस काढली. एक भागधारक न्यायालयात गेला आणि अखेर सर्वोच्च न्यायालयात त्याच्या बाजूने निकाल लागला. मालमत्तेच्या मूलभूत हक्कावरील महत्त्वाचे निकाल म्हणून सोलापूरच्या गिरणीचे हे खटले आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवले जातात.

भागधारकाचा वाद सरकारने ताबा घेण्यावर होता. पण नोंदवहीकार यांनी वर 'समभागांच्या न भरलेल्या रकमेपुरती' जबाबदारी असे जे लिहिले आहे, ती जबाबदारी म्हणजे काय हे त्या ५० रुपयांच्या नोटिशीत स्वच्छ दिसते. कंपनी बुडीत निघाली तरी भागधारकाकडे मागता येत होते ते फक्त उरलेले अर्धे.

गणवेशवाला
इतिहास उत्तम आहे, परंतु गिरणी बंद पडल्यावर भागधारकांचे घर वाचले आणि कामगारांचे चूलपाणी गेले, हेही त्याच इतिहासात आहे. मर्यादित जबाबदारी म्हणजे उरलेले नुकसान कुणीतरी दुसऱ्याने सोसायचे. तो दुसरा म्हणजे बहुधा सुताचा लहान व्यापारी किंवा मागावर उभा राहणारा माणूस असतो.

जुनागिरणगाव
हे मान्य आहे. म्हणूनच उधार देणारा कंपनीचा ताळेबंद पाहू शकावा यासाठी तो दरवर्षी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर दाखल करण्याची सक्ती आहे. भागीदारी पेढीचा ताळेबंद कुणालाच दिसत नाही. आपली जबाबदारी मर्यादित करायची असेल तर हिशेब उघडा ठेवायचा, असा हा सौदा आहे.

डाळिंबसांगोला
आम्ही शेतकरी उत्पादक कंपनी केली आहे. तिला दहा शेतकरी सभासद लागतात आणि नाव कंपनीचे असले तरी कारभार सहकारी धाटणीचा असतो, एका सभासदाला एकच मत. टॉवेलवाल्यांना तिचा उपयोग नाही हे माहीत आहे, तरी अनुभव म्हणून सांगतो की नोंदणीच्या दिवशी आमच्याकडे पेढे वाटायला चाळीस माणसे होती आणि वार्षिक विवरणपत्राच्या वेळी अध्यक्ष आणि मी असे दोघेच उरलो.

नोंदवहीकार
सांगोलकरांनी नेमक्या ठिकाणी बोट ठेवले. नोंदणीनंतरचे वेळापत्रक मी मुद्दाम लिहून देतो, कारण ७,९९९ मध्ये ते बसत नाही.

नोंदणीनंतर ३० दिवसांत संचालक मंडळाने पहिला लेखापरीक्षक नेमायचा. भांडवलाचे पैसे दोघांनीही स्वतःच्या खात्यातून कंपनीच्या खात्यात प्रत्यक्ष जमा करायचे आणि १८० दिवसांत व्यवसाय सुरू करण्यासाठीचे घोषणापत्र द्यायचे. ते दिल्याशिवाय धंदा सुरू करता येत नाही आणि कर्जही घेता येत नाही. हे घोषणापत्र राहिले तर कंपनीला ५०,००० रुपये दंड आहे आणि संचालकांना दिवसाला १,००० रुपये वेगळे. त्यानंतर दरवर्षी सर्वसाधारण सभा, सभेपासून ३० दिवसांत ताळेबंद आणि ६० दिवसांत वार्षिक विवरणपत्र. या दोन्हींना उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मवर दिवसाला १०० रुपये जादा शुल्क चढते. धंदा बंद पडला तरी ते चढतच राहते, हे लोकांच्या लक्षात येत नाही. सलग तीन वर्षे विवरणपत्रे भरली नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. २०१७ मध्ये देशभरात दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे विवरणपत्रे न भरल्याच्या कारवाईत निबंधकांच्या नोंदवहीतून काढली गेली.

एलएलपीला वार्षिक विवरणपत्र ३० मे पर्यंत आणि हिशेबाचे पत्रक ३० ऑक्टोबरपर्यंत द्यावे लागते. सभांची सक्ती नाही. पण नोंदणीनंतर ३० दिवसांत भागीदारांमधील करार दाखल करावाच लागतो.

कंपनी बंद करायची असेल तर आधी थकलेली सगळी विवरणपत्रे भरावी लागतात आणि नाव काढून घेण्याच्या अर्जाचे शुल्क १०,००० रुपये आहे. जन्मापेक्षा मरण महाग, असे मी माझ्या पक्षकारांना पहिल्याच बैठकीत सांगतो. निम्मे तिथूनच परत जातात.

चाटीगल्ली
आणि उरलेले निम्मे दुसऱ्या बैठकीत फी ऐकून.

मागावरचीलेक
एवढ्या मोठ्या चर्चेत मावसभावाचा विषय कुणीच काढला नाही, याचे आश्चर्य वाटते. बाहेरचे गिऱ्हाईक पैसे बुडवेल याची जेवढी भीती आहे, तेवढीच दोघांत बिनसण्याचीही धरायला हवी.

आमची कंपनी मी आणि माझा चुलतभाऊ अशी दोघांची आहे. एका एजंटाने ती काढून दिली. नियमावलीचा छापील नमुना जसाच्या तसा लावला, समभाग निम्मे-निम्मे केले आणि दोघांनाही संचालक केले. दोन वर्षांनी रंगणीचे यंत्र घ्यायचे की नाही यावरून मतभेद झाले आणि चुलतभाऊ बैठकीलाच येईनासा झाला. संचालक मंडळाच्या बैठकीला किमान दोन संचालक हजर असावे लागतात. आम्ही दोनच, त्यामुळे एक आला नाही की बैठक नाही, ठराव नाही, आणि ठराव नाही म्हणून बँकेत सहीचा अधिकारही बदलता येत नाही. सर्वसाधारण सभेचीही तीच गत, कारण तिथेही दोन सभासद लागतात आणि मते समसमान. धंदा चांगला चालू असताना कंपनी सात महिने जागच्या जागी थांबली होती. शेवटी घरातल्या थोरल्या काकांनी दोघांना समोर बसवले तेव्हा कुठे गाडी हलली. कायद्याच्या मार्गाने गेलो असतो तर मुंबईच्या कंपनी कायदा न्यायाधिकरणात वर्षे गेली असती.

त्यानंतर आम्ही नियमावली बदलून घेतली. कुणाला समभाग विकायचे असतील तर आधी दुसऱ्याला देऊ करायचे, किंमत कोणी आणि कोणत्या हिशेबाने ठरवायची, ठरावीक रकमेपुढील खरेदीला दोघांची संमती, आणि मत अडलेच तर ज्याचा निर्णय मानायचा अशी एक तिसरी व्यक्ती. नियमावली बदलायला विशेष ठराव लागतो, म्हणजे तीन चतुर्थांश मते. त्यामुळे भांडणाच्या आधी हे करणे सोपे असते, नंतर समोरच्याच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागते.

समभाग कोणाच्या नावे नामनिर्देशित करायचे, हेही ठरवून ठेवा. नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही, वारसांचा हक्क कायम राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून सोबत मृत्युपत्रही हवे.

नोंदवहीकार
ताईंचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत उपयोगी प्रतिसाद आहे. त्यात एवढीच भर घालतो की साध्या भागीदारीत परिस्थिती याहून कठीण असते. दोनच भागीदार असतील आणि एकाचे निधन झाले तर पेढीच संपुष्टात येते. कंपनी मात्र भागधारक गेला तरी चालू राहते. ज्यांना एकट्याचीच कंपनी हवी आहे त्यांच्यासाठी एकल व्यक्ती कंपनीचा पर्याय आहे. तिची भांडवलाची आणि उलाढालीची मर्यादा २०२१ मध्ये उठली. तुम्ही दोघे असल्यामुळे तो पर्याय तुम्हाला लागू नाही.

पूर्वभाग
ताई, थोरल्या काकांचा पत्ता कळवा. आमच्याकडेही एक प्रकरण अडले आहे.

मागावरचीलेक
काकांची फी फक्त शेंगाचटणी आणि कडक भाकरी आहे, पण ते दोन्ही पक्षांकडून घेतात.

हिशेबनीस
कंपनी करणाऱ्यांनी हातउसन्या पैशांची सवयही सोडावी लागते. पेढीत अडचण आली की मित्राकडून, शेजाऱ्याकडून, भिशीतून पैसे उचलून पगार भागवता येतात. प्रायव्हेट कंपनीला असे कुणाकडूनही कर्ज घेता येत नाही, ती ठेव समजली जाते. संचालकाकडून किंवा त्याच्या नातेवाइकाकडून पैसे घेता येतात, मात्र ते त्यांचे स्वतःचेच आहेत, कुठून कर्जाऊ आणलेले नाहीत, असे लेखी घ्यावे लागते. उलट दिशेनेही तसेच. कंपनीच्या खात्यातून मुलीच्या लग्नासाठी उचल घ्यायची सोय नाही. कंपनीचा पैसा तुमचा नसतो, तुम्ही तिचे शंभर टक्के मालक असलात तरीही.

टेरीवाला
सर्वांचे प्रतिसाद वडिलांना आणि मावसभावाला मोठ्याने वाचून दाखवले. मांडणी केल्यावर असे दिसले की बँकेचे कर्ज तुलनेने लहान आहे आणि सुताची उधारी हंगामात त्याच्या दुपटीच्या वर जाईल, म्हणून शाखाधिकारी साहेबांच्या कसोटीवर मर्यादित जबाबदारीला आमच्या बाबतीत अर्थ आहे. नफा सुरुवातीची वर्षे मागांमध्येच घालायचा असल्यामुळे हिशेबनीस यांच्या सांगण्याप्रमाणे एलएलपीपेक्षा प्रायव्हेट लिमिटेड सोयीची वाटते. घर तारण द्यायचे नाही आणि पतहमी योजनेतून प्रकरण करायचे, यावर वडील ठाम आहेत. हमीपत्रावर आम्ही दोघे सही करणार आहोत हे त्यांना स्वच्छ सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग "निदान वाचून सही करा" एवढेच म्हणाले.

समभागांबद्दल दोघांत बोलणे चालू आहे. निम्मे-निम्मे ठेवायचे की माझी मावशी तिसरी भागधारक आणि संचालक करायची, यावर मावसभावाला विचार करायला वेळ हवा आहे. मामांना हे पटलेले नाही. नियमावलीत भांडणाचे कलम घालणे म्हणजे अपशकुन, असे त्यांचे मत आहे.

एक व्यावहारिक शंका राहिली. शेड भाड्याची आहे आणि विजेचे बिल मूळ मालकाच्या दिवंगत वडिलांच्या नावावर येते. नोंदणीकृत कार्यालय म्हणून ही जागा दाखवता येईल का? की घराचा पत्ता द्यावा?

गणवेशवाला
माझे मत अजूनही वर्षभर थांबा असेच आहे. पण करणारच असाल तर सूतवाल्यांना पहिल्या दिवसापासून कंपनीच्या नावानेच बिल करायला सांगा. आधी वैयक्तिक नावावर उधारी घेतली आणि नंतर कंपनी केली, तर ती जुनी उधारी तुमच्याच डोक्यावर राहते.

नोंदवहीकार
अर्जासोबत भाडेकरार, जागामालकाचे ना-हरकत पत्र आणि दोन महिन्यांपेक्षा जुने नसलेले वीजबिल किंवा तत्सम बिल लागते. बिल दिवंगत व्यक्तीच्या नावे असेल आणि ना-हरकत पत्रावर मुलाची सही असेल, तर मानेसरहून शंका काढली जाण्याची दाट शक्यता आहे. सध्या घराचा पत्ता नोंदणीकृत कार्यालय म्हणून द्यावा आणि ना-हरकत पत्र वडिलांचे घ्यावे. शेड कामाची जागा म्हणून जीएसटीमध्ये अतिरिक्त ठिकाण दाखवता येते. मालकाने बिलावरचे नाव बदलून घेतले की पत्ता बदलण्याचा फॉर्म भरता येतो. त्याच शहराच्या हद्दीतला बदल असल्यामुळे संचालक मंडळाचा ठराव पुरतो.

घराच्या दारावर कंपनीच्या नावाची आणि पत्त्याची पाटी मात्र लावावी लागेल. ती त्या भागात प्रचलित असलेल्या भाषेच्या लिपीतही हवी, अशी कायद्याची अट आहे.

गड्ड्यावरचापाळणा
त्या भागात म्हणजे मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू. पाटीसाठी शेजाऱ्यांची भिंतही भाड्याने घ्यावी लागणार, मालक.

नोंदवहीकार
प्रचलित भाषांपैकी कोणतीही एक पुरते. मराठीत लावा, आणि तिचा फोटो काढून ठेवा.